मुकुट देवाचा, किल्ली माणसांची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मुकुट ही आपल्या रोजच्या बघण्यातली वस्तू आहे. भाद्रपदात घरी येणाऱ्या गणपतीच्या डोक्यावर मुकुट असतो. गावच्या नाटकातला रावण पुठ्ठ्याचा मुकुट सावरत संवाद म्हणतो. भिंतीवरच्या कॅलेंडरातले सगळे देव मुकुट घालून बसलेले असतात. पण मुकुट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येते ती एक किल्ली. वीतभर लांबीची, काळपट, सुतळीत ओवलेली. आमच्या घरी देवघरातल्या खुंटीला ती टांगलेली असायची.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात आमचं गाव. ग्रामदैवत भैरवनाथ. त्याचा चांदीचा मुकुट, गावकऱ्यांच्या भाषेत टोप, माझ्या आजोबांच्या पिढीनं केलेला. त्यासाठी घरटी वर्गणी निघाली होती. ज्यांच्याकडे रोकड नव्हती त्यांनी चांदी दिली. कुणी तोडे दिले, कुणी वाळे, कुणी बाळाच्या कमरेची साखळी. तालुक्याच्या सोनारानं हे सगळं एका मुशीत आटवलं. माझी आजी यात्रेत टोपाकडे बोट दाखवून म्हणायची, "त्यात माझे वाळे आहेत." ओढ्यापलीकडच्या वस्तीनंही वर्गणी दिली होती. देवळाच्या जुन्या वहीत त्याची नोंद आहे. दर्शन मात्र त्या लोकांना बाहेरूनच घ्यावं लागे, हेही सांगितलं पाहिजे.

टोप वर्षातून तीनदा बाहेर निघे. दसरा, महाशिवरात्र आणि चैत्रातली यात्रा. एरवी तो देवळाच्या ओवरीतल्या लोखंडी पेटीत असे आणि देवाच्या डोक्याला साधा लाल फेटा असे. त्या पेटीची किल्ली आमच्या घरी. कारण माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, गावचं पोस्ट सांभाळायचे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या मुलांच्या मनिऑर्डरी त्यांच्या हातून घरोघर जायच्या. ज्याच्या हातून पैसा कधी कमी झाला नाही, त्याच्या हाती देवाची पेटी. गावाचा हिशेब साधा होता.

मग 1972 चा दुष्काळ आला. तो ज्यांनी पाहिला त्यांना मी वेगळं काय सांगू? विहिरी कोरड्या पडल्या. माणसं खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामावर जाऊ लागली. मुलांना सुकडी मिळायची. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा आणि त्याच्या भाकरीला आई नाक मुरडत का होईना पण रोज थापायची. कार्तिकात गाव चावडीपुढे जमलं. पाण्याचं काय करायचं, एवढाच विषय होता. अण्णा सहसा सभेत बोलत नसत. त्या दिवशी उठले आणि म्हणाले, "देवाच्या टोपाची चांदी मोडू. त्या पैशात विहीर खोल करू. पाणी लागलं तर पाच-दहा वर्षांत दुसरा टोप करता येईल."

एकदम शांतता झाली. मग कुणीतरी म्हणालं, "मास्तर, देवाच्या डोक्यावरचं काढायचं म्हणता?"

अण्णा म्हणाले, "डोक्यावरचं कुठं? पेटीतलं."

हे बोलणं कुणालाच आवडलं नाही. सभा तशीच उठली. आणि पुढच्या महाशिवरात्रीला, 1973 साली, पेटी उघडली तेव्हा ती रिकामी होती. कुलूप जसंच्या तसं, मोडतोड काही नाही. किल्ली आमच्या खुंटीला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पोलीस आले, पंचनामा झाला, अण्णांचा जबाब झाला, पुरावा काही मिळाला नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण मनिऑर्डर घेताना लोक त्यांच्यासमोर पैसे दोनदा मोजू लागले. पूर्वी लोक अंगठा उठवून नोटा तशाच कनवटीला लावायचे. एक म्हातारी होती, तिचा मुलगा गिरणीत होता. तिला तर वीसच्या पुढे मोजता यायचं नाही. तिनंसुद्धा नातवाला शेजारी बसवून पैसे मोजून घेतले. अण्णा मान खाली घालून शिक्का मारत राहिले.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, ती आज सांगतो. एका रात्री मला जाग आली तेव्हा अण्णा कंदील घेऊन बाहेर पडत होते. मी अंथरुणात तसाच पडून राहिलो आणि माझ्या मनात आलं, टोप कुठं ठेवलाय ते बघायला तर निघाले नाहीत? सकाळी रांजणात पाणी होतं. ओढ्यातल्या झऱ्याला रात्रीच काय ते थोडं पाणी साचायचं आणि रात्री दोन वाजता आमच्या घराचा नंबर होता, हे मला नंतर कळलं. पण एक रात्र मी माझ्या वडिलांवर संशय घेतला, तो घेतलाच.

श्रोतेहो, आता मी तुम्हाला एकदम दूरच्या देशात घेऊन जाणार आहे. माझी मुलगी नोकरीनिमित्त हंगेरीत, बुडापेस्टला असते. 2016 मध्ये आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. तिथलं पार्लमेंट डॅन्यूब नदीच्या काठावर आहे. त्या इमारतीच्या मधोमध 96 मीटर उंचीचा घुमट आहे आणि त्या घुमटाखाली काचेच्या पेटीत एक मुकुट ठेवलेला आहे. शेजारी सैनिक उभे असतात. फोटो काढायला बंदी. लोकसभेच्या मधोमध राजाचा मुकुट ठेवावा आणि देशात राजा तर नाही, याचं मला नवल वाटलं. पण त्याहून माझी नजर खिळली ती मुकुटावरच्या क्रुसावर. तो एका बाजूला कललेला आहे. आमच्या भैरवनाथाच्या टोपाचा शेंडाही असाच कललेला आहे. तो का, ते शेवटी सांगेन.

या मुकुटाला हंगेरियन लोक पवित्र मुकुट म्हणतात. त्यांचा पहिला ख्रिस्ती राजा संत इश्तवान. इसवी सन 1000 च्या सुमारास तो अभिषिक्त झाला. हा मुकुट त्याचाच, अशी श्रद्धा. मुकुटाकडे नीट पाहिलं तर मात्र तो दोन तुकडे जोडून केलेला दिसतो. खालचं कडं बायझंटाइन पद्धतीचं. त्यावर ग्रीक अक्षरं आहेत आणि सातवा मायकेल या सम्राटाची मिन्याची प्रतिमा आहे. हा सम्राट 1071 ते 1078 या काळातला. इश्तवान तर 1038 मध्येच वारला. वरच्या पट्ट्यांवर लॅटिन अक्षरं आणि ख्रिस्ताच्या शिष्यांच्या प्रतिमा आहेत. शेंड्यावर ख्रिस्ताची प्रतिमा आहे आणि क्रूस बसवताना कुणीतरी त्या प्रतिमेच्याच मधोमध भोक पाडलेलं आहे! म्हणजे हा मुकुट या रूपात संत इश्तवानाच्या डोक्यावर असणं शक्य नाही. तिथल्या शाळकरी मुलांनाही हे ठाऊक असतं. तरी श्रद्धा ढळत नाही. मला त्यात विचित्र काही वाटलं नाही. आपल्याकडे किती देवळांतली मूर्ती "स्वयंभू" असते आणि पुजाऱ्याच्या आजोबांनी ती कुठून आणली तेही गावाला माहीत असतं!

या मुकुटाचं सामर्थ्य असं की त्याच्याशिवाय राजा हा राजाच नव्हे. राजा खरा ठरायला तीन गोष्टी लागत. एस्तेरगोमच्या आर्चबिशपच्या हातून अभिषेक, सेकेशफेहेरवार या नगरात अभिषेक, आणि तोही याच मुकुटानं. चौदाव्या शतकाच्या आरंभी कारोय रोबेर्त नावाच्या राजाला तीनदा अभिषेक करून घ्यावा लागला. 1301 मध्ये, 1309 मध्ये आणि अखेर 1310 मध्ये. पहिल्या दोन वेळांना खरा मुकुट त्याच्याकडे नव्हता. दुसऱ्या वेळी तो एका सरदारानं दाबून ठेवला होता. सैन्य राजाकडे, वंश राजाकडे, पोपचा पाठिंबा राजाकडे. पण लोक म्हणत, मुकुट कुठाय?

आता जिथं एवढी सत्ता एका वस्तूत साठते, तिथं चोरी होणारच. 1440 सालची गोष्ट. राजा वारला होता, राणी एलिझाबेथ गरोदर होती. सरदारांना पोलंडचा तरुण राजा हवा होता. राणीला आपल्या पोटातल्या मुलासाठी गादी हवी होती. तिनं आपल्या विश्वासातल्या एका बाईला, हेलेने कोटानर हिला, विशेग्राडच्या किल्ल्यात पाठवलं. फेब्रुवारीची कडाक्याची थंडी. हेलेनेच्या साथीदारांनी रात्रभर कानसीनं कुलपं कापली. आवाज बाहेर जाईल म्हणून ही दाराशी प्रार्थना करत बसली. मुकुट मिळाल्यावर तो एका उशीत शिवून टाकला आणि स्लेजवर ठेवून गोठलेली डॅन्यूब ओलांडली. ती राणीकडे पोचली त्याच रात्री राणीला मुलगा झाला. तीन महिन्यांच्या आत, 15 मे रोजी, त्या तान्ह्या बाळाला मुकुट घातला गेला. बाळ रडत होतं. हे सगळं हेलेनेनं स्वतः लिहून ठेवलं आहे. जर्मन भाषेत स्त्रीनं लिहिलेल्या सुरुवातीच्या आठवणींमध्ये त्या वृत्तांताची गणना होते.

खरी मौज पुढे आहे. सरदारांना ते बाळ राजा म्हणून नको होतं. मुकुट तर हातचा गेलेला. मग दोनच महिन्यांनी, जुलै 1440 मध्ये, त्यांनी संत इश्तवानाच्या अस्थी ठेवलेल्या पात्रावरचा दुसरा एक मुकुट काढला आणि तो पोलंडच्या राजाच्या डोक्यावर ठेवला. आणि सोबत जाहीरनामा काढला. त्याचा अर्थ असा, की राजाचा अभिषेक राज्यातल्या लोकांच्या इच्छेवर अवलंबून असतो आणि मुकुटाची शक्ती त्यांच्या मान्यतेत असते. अर्थात "लोक" म्हणजे तेव्हा सरदार आणि धर्मगुरू. तरीही 1440 साली हे कुणीतरी कागदावर लिहिलं, ही लहान गोष्ट नाही. अडचणीत सापडल्यावर का होईना, माणसाच्या तोंडून खरं निघून गेलं.

राणीनं पुढे तो मुकुट ऑस्ट्रियाच्या फ्रीड्रिखकडे ठेवायला दिला. तो परत मिळवायला माथ्याश राजाला 80,000 सोन्याची नाणी मोजावी लागली. माथ्याश 1458 मध्ये निवडून आला आणि 1464 मध्ये त्याच्या डोक्यावर मुकुट चढला. मधली सहा वर्षं तो मुकुटाविना राज्य करत होता. गंमत पाहा, हंगेरीच्या लोककथांमध्ये न्यायी राजा म्हणून नाव येतं ते याच माथ्याशचं. वेषांतर करून तो गावोगाव फिरायचा अशा गोष्टी आजही मुलांना सांगतात. लोकांनी त्याला आठवणीत ठेवलं ते न्यायासाठी. मुकुटासाठी दिलेल्या नाण्यांची आठवण इतिहासाच्या पुस्तकात राहिली.

आणि मुकुटाची दुसरी, काळी बाजूही त्याच देशात आहे. 1514 साली हंगेरीतल्या शेतकऱ्यांनी सरदारांविरुद्ध उठाव केला. त्यांचा पुढारी दोझा ग्यॉर्ग्य. उठाव चिरडला गेला, तेव्हा दोझाला तापलेल्या लोखंडी सिंहासनावर बसवून त्याच्या डोक्यावर तापलेला लोखंडी मुकुट ठेवण्यात आला. राजा व्हायचं होतं ना, घे मुकुट, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी वेर्बोत्सी नावाच्या कायदेपंडितानं देशाच्या रूढ कायद्यांचा मोठा ग्रंथ पुरा केला. त्यात म्हटलं, की सगळे सरदार हे पवित्र मुकुटाचे अवयव आहेत. किती सुंदर कल्पना! मुकुट म्हणजे एक देह आणि माणसं त्याचे अवयव. पण शेतकरी त्या देहात नव्हता. त्याला जमीनदाराच्या जमिनीशी कायमचं बांधून टाकण्यात आलं. मुकुट कितीही पवित्र असो, त्यात कोण मोजला जातो आणि कोण मोजला जात नाही, हा प्रश्न त्याला विचारावाच लागतो.

पुढच्या कथा थोडक्यात सांगतो. अठराव्या शतकात दुसरा योसेफ या सम्राटानं अभिषेकच नाकारला, कारण अभिषेकाच्या वेळी देशाच्या कायद्यांची शपथ घ्यावी लागे. त्यानं मुकुट उचलून व्हिएन्नाला नेऊन ठेवला. लोकांनी त्याला नाव ठेवलं "टोपीवाला राजा". 1790 मध्ये मरणापूर्वी त्याला मुकुट परत पाठवावा लागला आणि लोकांनी त्याचं जल्लोषात स्वागत केलं. 1849 मध्ये क्रांती फसल्यावर पळणाऱ्या नेत्यांनी मुकुट ओर्शोवा गावाजवळ जमिनीत पुरला. तो 1853 मध्ये सापडला. शेवटचा अभिषेक 30 डिसेंबर 1916 रोजी झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मुकुटरक्षकांनी तो ऑस्ट्रियात नेऊन तेलाच्या पिंपात घालून पुरला आणि तिथून तो अमेरिकन सैन्याच्या ताब्यात गेला. पुढे फोर्ट नॉक्सच्या सोन्याच्या कोठारात तो वर्षानुवर्षं राहिला. 6 जानेवारी 1978 रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सरकारनं तो परत केला. तेव्हा हंगेरीत कम्युनिस्ट राजवट होती. अमेरिकेनं मुद्दाम सांगितलं, की हा मुकुट आम्ही हंगेरीच्या जनतेला देतो आहोत. 1 जानेवारी 2000 रोजी तो राष्ट्रीय संग्रहालयातून पार्लमेंटमध्ये आणला गेला.

आणि तो कललेला क्रूस? सतराव्या शतकात पेटीचं झाकण घाईनं बंद करताना तो वाकला, असं सांगतात. तो कुणीच सरळ केला नाही. हंगेरीच्या राजचिन्हावरही क्रूस तसाच वाकडा काढतात. आपल्या हातून झालेली चूक लपवायची नाही, असं काहीसं त्यात मला दिसलं.

या मुकुटाला राखणारे दोघे असत. देशाच्या संसदेनं निवडलेले, शपथ घेतलेले. त्यांचं काम एकच, मुकुट सांभाळायचा. काचेच्या पेटीपुढे उभा असताना मला अण्णांची खुंटी आठवली. तिथं दोघे होते, आमच्याकडे एकटा होता.

आपल्याकडचे दोन प्रसंग इथं आठवतात. 12 डिसेंबर 1911 रोजी दिल्लीत पाचव्या जॉर्जचा दरबार भरला. इंग्लंडचा राजमुकुट देशाबाहेर नेता येत नव्हता म्हणून या दरबारासाठी खास नवा मुकुट घडवला. सहा हजारांहून अधिक हिरे. राजानं तो घातला तो तेवढाच एकदा. साडेतीन तास डोक्यावर ठेवून डोकं दुखलं, असं त्यानं रोजनिशीत लिहिलं. मग मुकुट परत लंडनला गेला. आज तो तिथल्या टॉवरमध्ये आहे. नाव "हिंदुस्थानचा राजमुकुट", पण हिंदुस्थानातल्या एकाही आजीनं त्याच्याकडे बोट दाखवून "यात माझे वाळे आहेत" असं म्हटलं नाही. सत्ता होती, श्रद्धा नव्हती.

दुसरा प्रसंग रायगडावरचा, 6 जून 1674 चा. शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला आणि त्यांनी पदवी घेतली ती छत्रपती. मुकुटपती नव्हे. मुकुट एका डोक्याच्या मापाचा असतो, छत्राखाली दुसऱ्यालाही उभं राहता येतं. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या दिवशी तिथं हजर होता. सिंहासनाच्या बाजूला भाल्यांच्या टोकांवर लावलेली जी चिन्हं त्यानं नोंदवली, त्यांत एका भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू होता. न्यायाचं चिन्ह. सत्तेच्या आसनाशेजारीच वजन करणारी वस्तू टांगलेली असावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता गावाकडे येऊ. 1973 च्या चैत्रात यात्रा झाली ती टोपाविना. गुरवानं देवाला लाल फेटाच बांधला. छबिना निघाला, गुलाल उधळला गेला, पण लोकांचं लक्ष देवाच्या डोक्याकडे आणि मग आमच्या घराकडे. वैशाखात दुष्काळी कामावर जुन्या बारवेचा गाळ काढणं चालू होतं. गाळातून गोणपाटाचं एक गाठोडं निघालं. आत टोप. शेंडा एका बाजूला दबलेला, कडा चेपलेल्या, पण टोप तोच. कुणी टाकला, का टाकला, कुलूप न मोडता कसा काढला, याचा पत्ता आजवर लागलेला नाही.

तुम्हाला वाटेल, अण्णांवरचा आळ गेला. तसं होत नाही हो. काही लोक म्हणाले, "घाबरून टाकला असेल." संशयाचं हे असं असतं. वस्तू हरवली तरी तो वाढतो, सापडली तरी उरतो.

सोनारानं टोप जमेल तेवढा सारखा केला. शेंडा मात्र आणखी ठोकला तर तडकेल म्हणाला, म्हणून तो तसाच राहिला. 1974 च्या यात्रेच्या आधी पाटील स्वतः आमच्या घरी आले. म्हणाले, "मास्तर, यंदा टोप तुमच्या हातानं चढवा." गावाच्या वतीनं माफी मागायची त्यांची ती पद्धत होती. अण्णा म्हणाले, "टोप गुरवानंच चढवावा. मला एकच सांगायचंय. यापुढे किल्ली एका माणसाकडे ठेवू नका. चोरी टळेल की नाही मला माहीत नाही. पण एकट्या माणसावर एवढा भार टाकायचा नसतो. गावचा विश्वास गावानं मिळून उचलावा."

त्या पाडव्यापासून पेटीला तीन कुलपं झाली. एक किल्ली गुरवाकडे, एक पाटलांच्या घरी आणि तिसरी दर पाडव्याला चिठ्ठी टाकून निघेल त्या घरी. चिठ्ठ्यांच्या घागरीत ओढ्यापलीकडच्या वस्तीची नावं असावीत असा अण्णांचा आग्रह होता. पहिल्या वर्षी ती नव्हती. दुसऱ्या वर्षीही नव्हती. अण्णा दरवर्षी जुनी वही घेऊन यायचे आणि त्या वर्गणीची नोंद वाचून दाखवायचे. सात वर्षं त्यांनी ती वाचली. 1981 च्या पाडव्याला ती नावं घागरीत पडली. त्यांच्या वर्गणीची चांदी आजीच्या वाळ्यांबरोबर एकाच मुशीत आटली होती, ती काही वेगळी काढता येणार नव्हती. हे गावाला कळायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

त्या म्हातारीचं सांगायचं राहिलं. टोप सापडल्याला वर्ष झालं असेल. मुलाची मनिऑर्डर आली म्हणून अण्णा तिच्याकडे गेले. तिनं अंगठा उठवला. नातू शेजारीच होता. त्यानं पैशांना हात घातला, तर तिनं त्याच्या हातावर चापट मारली आणि नोटा न मोजता कनवटीला लावल्या. बोलली काहीच नाही. त्या दिवशी जेवताना अण्णांनी ही गोष्ट आईला सांगितली. हात धुऊन आल्यावर पुन्हा सांगितली.

सत्ता, सद्गुण आणि श्रद्धा ही मुकुटाची तीन रत्नं, असं आपण पुस्तकात वाचतो. मला वाटतं, यातलं एकही रत्न मुकुटात जडवलेलं नसतं. सत्ता लोकांच्या मान्यतेत असते, हे हंगेरीच्या सरदारांनी अडचणीत सापडून का होईना कबूल केलं. सद्गुण राखणाऱ्याच्या हातात असतो. आणि श्रद्धा न मोजता कनवटीला लावलेल्या नोटांत असते. ती एकदा मोडली की सोनाराला सांधता येत नाही. ज्यानं मोडली त्यालाच हात पुढे करावा लागतो.

अण्णा 1998 मध्ये गेले. त्या रात्रीच्या कंदिलाविषयी मी त्यांना कधीच काही बोललो नाही. बुडापेस्टहून परतल्यावर वाटलं, आज ते असते तर तो वाकडा क्रूस त्यांना सांगितला असता आणि बोलता बोलता तेही सांगून टाकलं असतं.

यंदाच्या पाडव्याला चिठ्ठी आमच्या घराची निघाली. तिसरी किल्ली आता माझ्याकडे आहे. त्याच जुन्या खुंटीला टांगली आहे. वजनाला काहीच नाही. तरी रात्री एकदा उठून मी ती बघून येतो.